ज्ञानतंतू पुन्हा वाढतो काय?

(न्यासाच्या रौप्यमहोत्सवी सभेत दिलेले भाषण)



आम्ही शाळामास्तर. फळ्यावर आकृती काढून समजावून सांगणे एवढीच आमची विद्या. तेव्हा न्यासाच्या २५ वर्षांच्या कार्याचा गौरव इतर वक्त्यांकडे सोपवून आम्ही आज शाळेतलाच एक धडा आपल्यापुढे ठेवणार आहोत.

हा धडा निवडण्यास कारण आहे. न्यासाकडे औषधोपचारासाठी जे अर्ज येतात, ते सभेपुढे वाचून दाखवण्याचे काम कधी कधी आमच्याकडे येते. त्या अर्जांत एक वाक्य पुनःपुन्हा भेटते : “नस मेली आहे.” कोणाचा हात कडबाकुट्टीत सापडला, कोणी मोटारसायकलवरून पडला, कोणाच्या पायाला साखरेच्या आजाराने सुन्नपणा आला, शेवटचे वाक्य तेच. या वाक्यापुढे घरची माणसे हात टेकतात, आणि आपणही एकवेळची मदत मंजूर करून पुढचा अर्ज हाती घेतो. पण नस खरोखरच मरते काय? मेलेली नस पुन्हा वाढते काय? वाढत असेल तर किती दिवसांत, आणि तोवर घरच्यांनी व न्यासाने काय करावे? हे प्रश्न विज्ञानाचे आहेत, तसेच आपल्या जमाखर्चाचेही आहेत.

आधी शब्दाचा घोळ काढून टाकू. आपण बोलताना रक्त वाहणाऱ्या वाहिनीलाही नस म्हणतो, स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीलाही नस म्हणतो, आणि मेंदूचा निरोप नेणाऱ्या तंतूलाही नसच म्हणतो. आज आपला विषय हा तिसरा. जुन्या मराठी पुस्तकांत त्याला ज्ञानतंतू किंवा मज्जातंतू म्हणत, हल्लीच्या पुस्तकांत चेतातंतू म्हणतात, आणि मध्यप्रदेशातील आपली मुले हिंदी पुस्तकात त्याला तंत्रिका म्हणून ओळखतात. आम्ही ज्ञानतंतू म्हणू.

ज्ञानतंतू पाहण्यास दुर्बीण नको. कोपराच्या आतल्या बाजूला हाड लागले की करंगळीपर्यंत वीज सळसळत जाते, हे प्रत्येकाने अनुभवले आहे. ती वीज हाडाची नव्हे. कोपरामागच्या खोबणीतून करंगळीकडे जाणारा एक ज्ञानतंतू तेथे कातडीच्या अगदी जवळ येतो. त्यालाच तो धक्का असतो. ही कोपराची जागा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आपण ज्याला एक तंतू म्हणतो तो खरे पाहता हजारो बारीक धाग्यांचा जुडगा असतो. प्रत्येक धागा ही एका ज्ञानपेशीची लांब शेपटी. पेशीचे मुख्य अंग पाठीच्या कण्यात किंवा त्याला लागून असते, आणि तेथून निघालेला धागा थेट बोटाच्या टोकापर्यंत जातो. उंच माणसाच्या कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा धागा सुमारे एक मीटर भरतो, आणि तो एकाच पेशीचा असतो! पेशीचे अंग तर सुईच्या अग्राहूनही लहान. धाग्याला लागणारे सगळे सामान या अंगात तयार होते आणि धाग्यातून पुढे पोचवले जाते. मुख्य अंगापासून धागा तोडला की पुढच्या भागाचे अन्नपाणीच बंद होते. माणसाच्या मेंदूत अशा सुमारे ८,६०० कोटी ज्ञानपेशी असल्याची गणना २००९ साली ब्राझीलमधील शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली.

आता या पेशी वाढतात कशा ते पाहू. आईच्या पोटात गर्भ जेमतेम तीन आठवड्यांचा असतो, तेव्हा त्याच्या पाठीवर एक चपटी पट्टी दिसू लागते. तिच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींना भेटतात आणि तिची नळी होते. या नळीतूनच पुढे मेंदू आणि मेरुरज्जू घडतात. गर्भधारणेपासून सुमारे २८ व्या दिवशी ही नळी बंद झालेली असते. म्हणजे पुष्कळ मातांना दिवस गेल्याचे नीट उमगण्याआधीच हे काम आटोपलेले असते. नळी नीट मिटली नाही तर मूल कण्यातील दोष घेऊन जन्मते. फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व आधीपासून पोटात असेल तर असे दोष पुष्कळ टळतात, हे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने सिद्ध केले. म्हणून ही गोळी दिवस राहिल्यावर सुरू करण्यापेक्षा, मूल हवे असे ठरले की लगेच डॉक्टरांच्या किंवा आशाताईंच्या सल्ल्याने सुरू करावी. लग्नाच्या वयाच्या मुली ज्या घरांत आहेत त्यांनी एवढे जरूर लक्षात ठेवावे.

नळीतील पेशींना मग शेपट्या फुटतात व त्या वाट काढीत निघतात. बोटाकडे जायचे ते बोटाकडे, डोळ्याकडे जायचे ते डोळ्याकडे. यांना वाट कोण दाखवतो? स्पेनचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८९० साली कोंबडीच्या गर्भाचे बारीक काप रंगवून पाहिले, तेव्हा त्यांना वाढत्या धाग्याच्या टोकाशी एक फुगीर पंजा दिसला. हा पंजा बोटे पुढे करून चाचपडत जातो. मऊ, अनुकूल जागा लागली की पुढे सरकतो. प्रतिकूल लागली की बोट मागे घेतो. काहाल यांनी पाहिला तो मेलेल्या गर्भाच्या कापात. जिवंत धागा वाढताना पाहिला अमेरिकेतील रॉस हॅरिसन यांनी, १९०७ साली. त्यांनी बेडकाच्या गर्भातील ज्ञानपेशींचा तुकडा लसिकेच्या थेंबात ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धागा पुढे सरकताना डोळ्यांनी पाहिला.

पण धागा पोचला म्हणजे झाले असे नाही. ही गोष्ट उघडकीस आणली रिता लेव्ही-मोंताल्चिनी या इटालियन विदुषीने. त्या ज्यू होत्या. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांनी त्यांना विद्यापीठाचे दार बंद झाले. तेव्हा या बाईंनी तुरीन शहरात आपल्या निजायच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली. शिवणाच्या सुया घासून त्यांच्या सुऱ्या केल्या आणि कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांवर काम चालू ठेवले. पुढे अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन यांच्यासह त्यांनी दाखवून दिले की, धागा ज्या अवयवाला जाऊन मिळतो तो अवयव त्याला एक पोषक रस पुरवतो. तो रस ज्या पेशीला मिळतो ती जगते, ज्या पेशीला मिळत नाही ती मरते. १९८६ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. गर्भात ज्ञानपेशी गरजेपेक्षा जास्त तयार होतात आणि कित्येक भागांत त्यांतल्या निम्म्याच्या आसपास अशा तऱ्हेने गळून जातात.

हे काम केवळ परदेशांतच चालते असे कोणी समजू नये. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शुभा टोळे गर्भातील मेंदू कसा घडतो याचा वर्षानुवर्षे अभ्यास करीत आल्या आहेत; २०१४ सालचे इन्फोसिस पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळाले. पुण्याच्या आयसर या संस्थेतही कोंबडीच्या गर्भातील ज्ञानपेशी घेऊन काहाल यांनी पाहिलेल्या त्या चाचपडत्या पंजाचा अभ्यास झाला आहे. आपल्या मुलामुलींना ही दारे बंद नाहीत, एवढे जाता जाता सांगतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. धागा तुटला तर?

१८५० साली ऑगस्टस वॉलर या इंग्रज वैद्याने बेडकाच्या जिभेचा ज्ञानतंतू कापून पुढे काय होते ते पाहिले. कापलेल्या जागेपलीकडचा धागा काही दिवसांत तुकडे तुकडे होऊन विरून जातो. तेव्हा ‘नस मेली’ या म्हणण्यात अर्धे सत्य आहेच. पण मरतो तो पलीकडचा धागा. कण्याजवळचे पेशीचे अंग बहुधा जिवंत राहते. आणि दुसरीही एक वस्तू जिवंत राहते. प्रत्येक धाग्याभोवती लहान लहान पेशींचे वेष्टन असते. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून त्यांना श्वान पेशी म्हणतात. हे नाव ऐकून वर्गात मुले हसतात. परंतु इमानदारीत या पेशी नावाला शोभतात. धनी गेला तरी त्या जागा सोडत नाहीत. मेलेल्या धाग्याचा कचरा साफ करण्यास हातभार लावतात, ओळीने उभ्या राहतात आणि नव्या अंकुराला वाट मोकळी ठेवतात.

आपल्या गावावरून जाणारी छिंदवाडा-नागपूर छोटी लाइन येथील बहुतेकांनी पाहिली आहे. २०१५ साली ती बंद झाली, रूळ उखडले गेले. पण लाइनीचा मार्ग राहिला होता, म्हणून मोठी लाइन कोठून न्यायची हा प्रश्न बहुतेक ठिकाणी पडला नाही. ज्ञानतंतूचेही तसेच आहे. रूळ गेले तरी मार्ग शाबूत असेल, तर तुटक्या टोकाला फुटलेला अंकुर त्या मार्गाने पुन्हा बोटापर्यंत जाऊ शकतो.

पण किती वेगाने? हा आकडा पाठ करावा असा आहे : दिवसाला साधारण एक मिलिमीटर. महिन्याला सुमारे तीन सेंटिमीटर, म्हणजे दीड-दोन बोटांची रुंदी. नखापेक्षा वेग बरा, पण आपल्या उतावळेपणाच्या मानाने फारच मंद. हिशेब करून पाहा. मनगटाशी तंतू तुटला तर बोटाच्या टोकापर्यंत अठरा-वीस सेंटिमीटर, म्हणजे सहा-सात महिने. कोपराशी तुटला तर पंचेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे पंधरा महिने. त्यात अंकुर फुटण्यापूर्वीचे काही आठवडे मिळवावे लागतात. इकडे हाताचे स्नायू निरोपाची वाट पाहत वाळत असतात. वर्ष-दीड वर्षात निरोप पोचला नाही तर ते पुन्हा कामास येणे कठीण होते. म्हणून टोके लवकर जोडणे महत्त्वाचे.

जोडणे म्हणजे काय, हे संत्र्याच्या बागा राखणाऱ्या सौंसर-पांढुर्ण्याच्या माणसाला फार समजावून सांगण्याची गरज नाही. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधताना साल सालीला नेमकी भिडवावी लागते. सैल राहिली, वाकडी बसली किंवा उशीर होऊन डोळा सुकला तर कलम धरत नाही. शल्यवैद्यही सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक दोऱ्याने तंतूची टोके अशीच समोरासमोर भिडवतात. मधला तुकडा नष्ट झाला असेल तर पोटरीमागून एक कमी महत्त्वाचा तंतू काढून त्याचे ठिगळ जोडतात. त्यामुळे पाऊल कडेला थोडे सुन्न राहते, पण हात मिळण्याची आशा होते. तरी जोडणाऱ्याच्या हाती एवढेच की दार उघडावे. वाट चालायची ती धाग्याने, आपल्या चालीने.

आमच्या शाळेत काही वर्षांपूर्वी नववीत एक मुलगा होता. कडबाकुट्टीत त्याचा उजवा हात मनगटाच्या वर कापला गेला. नागपूरला नेऊन तंतू जोडला. जखम महिन्याभरात भरली, पण अंगठा व शेजारची दोन बोटे सुन्नच. चौथ्या महिन्यात त्याचे वडील आमच्याकडे आले व म्हणाले, “गुरुजी, आता नेणे बंद करतो. दर खेपेला भाडे जाते, एक दिवसाची मजुरी जाते, आणि हात आहे तसाच आहे.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. बोटे खरोखरच तशीच होती. आम्ही त्यांना एवढेच म्हटले की, एक खेप आणखी करा आणि हेच डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांनी बोटाने मुलाच्या मनगटावरून तळहाताकडे टिचक्या मारीत नेल्या. पहिल्या महिन्यात टाक्याच्या जागी झिणझिण्या येत होत्या. आता त्या तळहाताच्या मध्यावर येत होत्या. वाढत्या टोकावर टिचकी पडली की झिणझिण्या उठतात. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिक तपासताना १९१५ साली जर्मनीचे होफमान आणि फ्रान्सचे तिनेल यांनी, एकमेकांविरुद्ध लढणाऱ्या देशांत राहून, स्वतंत्रपणे या खुणेचे वर्णन केले. बोटे तशीच दिसत असताना आत धागा चार बोटे पुढे आला होता. वडिलांनी खेपा चालू ठेवल्या. मुलाने दहावीचा पेपर त्याच हाताने लिहिला. हात पूर्वीसारखा झाला काय? नाही. डोळे मिटून खिशातले एक रुपयाचे नाणे व दोन रुपयांचे नाणे त्याला आजही ओळखता येत नाही. कारण सगळे धागे आपापल्या जुन्या जागी पोचत नाहीत. काही वाट चुकतात. तथापि लिहिता हात आणि लुळा हात यांत फार अंतर आहे.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. हे सारे हातापायांच्या तंतूंबद्दल झाले. मेंदू आणि मेरुरज्जू यांतील धागे तुटले तर माणसात ते असे वाढून येत नाहीत. झेब्रा माशात येतात, आपल्यात नाही. याचे कारण पूर्वी असे समजत की, त्या पेशींना वाढीची शक्तीच नाही. १९८१ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे सॅम्युएल डेव्हिड व अल्बर्ट अग्वायो यांनी उंदरांच्या मेरुरज्जूला पायाच्या तंतूचा तुकडा जोडून दिला, तेव्हा त्याच पेशींचे धागे त्या तुकड्यातून चांगले लांब वाढले. म्हणजे उणीव होती ती भोवतालात. तेथले वेष्टन आणि जखमेचा वण वाढत्या टोकाला अडवतात. या ज्ञानातून पुढेमागे उपचार निघेल अशी शास्त्रज्ञांना आशा आहे. पण आशा आणि उपचार एक नव्हेत. कण्याला मार लागून पाय गेलेल्या रुग्णास मूलपेशींचे इंजेक्शन देऊन चालवू, अशा जाहिराती येतात आणि लोक शेत विकून पैसे भरतात. हा अद्याप मान्य उपचार नाही. मान्य संशोधनात भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्या प्रयोगाचे पैसे घेतले जात नाहीत. जो आधी लाखो रुपये मागतो त्याच्यापासून दूर राहावे.

बंधूंनो, अपघाताने तुटलेला तंतू डोळ्यांना दिसतो. पण आपल्या या मुलखात एक आजार आहे जो तंतू न दिसता, न दुखता तोडतो. त्याला आपले वाडवडील महारोग म्हणत. आपण कुष्ठरोग म्हणू.

या रोगाचे जंतू नॉर्वेतील डॉ. हान्सेन यांनी १८७३ साली शोधले. हे जंतू शरीराच्या थंड भागी राहतात, फार सावकाश वाढतात, आणि त्यांचे आवडते घर म्हणजे तंतूंभोवतालच्या त्याच इमानी श्वान पेशी. चोर पहारेकऱ्याच्याच खोलीत शिरावा तसे! त्यामुळे येथे धागा जातो आणि धाग्याची वाटही जाते. कोपरामागची ती खोबण आठवते ना? कातडीजवळ असल्याने ती जागा थंड, म्हणून जंतूंचा हल्ला तेथे फार. तंतू सुजतो, दोरीसारखा हाताला लागतो, करंगळी व तिच्या शेजारचे बोट वाकडे होऊ लागते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा तंतू गेला तर पाऊल उचलत नाही. चेहऱ्याचा गेला तर पापणी मिटत नाही.

बोटे झडतात म्हणून लोक भितात. पण जंतू बोटे खात नाहीत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी रुग्णांचा दिवसरात्र माग ठेवून हे उघडकीस आणले. सुन्न हाताने रुग्ण तापलेले भांडे उचलतो, त्याला कळत नाही. काहींची बोटे तर रात्री झोपेत उंदीर कुरतडत होते, आणि वेदना नसल्याने जाग येत नव्हती! उपाय म्हणून रुग्णांना मांजरी देण्यात आल्या. वेदना ही किती मोठी राखणदार आहे, हे ती गेल्यावर कळते. साखरेच्या आजाराने ज्यांचे पाय सुन्न झाले आहेत त्यांनाही हाच न्याय लागू आहे. त्यांनी रोज रात्री पाय उजेडात पाहावेत आणि अनवाणी फिरू नये.

या आजाराशी झुंजण्याचा इतिहास आपल्या शेजारीच घडला आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी कुष्ठधाम उभारले. सेवाग्रामला परचुरेशास्त्री या विद्वान रुग्णाची शुश्रूषा गांधीजींनी स्वतःच्या हाताने केली. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन सुरू केले. वरोऱ्याजवळ बाबा आमटे व साधनाताईंनी आनंदवन उभे केले. मुंबईचे शल्यवैद्य डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळच्या कोंढव्याच्या रुग्णालयात या रुग्णांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया केल्या, आणि पुढे कुष्ठरोगातील ज्ञानतंतूंचा अभ्यास हाती घेऊन त्यावर डॉ. वनजा शेट्टी यांच्यासह ग्रंथ लिहिला.

त्या काळी खात्रीचे औषध नव्हते किंवा अपुरे होते. आज आहे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. सहा महिने किंवा बारा महिने गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून लागण होण्याचे भय राहत नाही, आणि शंभरांतल्या पंचाण्णवांच्या आसपास माणसांना तर हा रोग जात्याच होत नाही. असे असूनही देशात अलीकडील वर्षांत दर वर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपले आहेत.

आता सगळ्यांत महत्त्वाचा आकडा. तंतूवर हल्ला होऊन सहा महिने झाले नसतील तर सूज उतरवणाऱ्या औषधांनी तो पुष्कळदा वाचवता येतो. त्यापेक्षा जास्त दिवस गेले की धागा आणि वाट दोन्ही वणात बुजून जातात. गोळ्यांनी जंतू मरतील, पण बोट सरळ होणार नाही. हे सहा महिने आपण कशात घालवतो? लपवण्यात. न खाजणारा, न दुखणारा, फिकट किंवा लालसर, सुन्न चट्टा अंगावर दिसला तर घरात कुजबूज होते, “कोणाला सांगू नको, बहिणीचे लग्न व्हायचे आहे.” लग्न होते आणि हात जातो. ही भीती कायद्यानेच पोसली होती हेही खरे. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. २०१९ साली संसदेने ते सगळ्या धर्मांच्या कायद्यांतून काढून टाकले. कायद्याने आपले पाऊल उचलले. आता घराघरांतील कुजबूज थांबवण्याचे काम आपल्या माताभगिनींचे आणि वडीलधाऱ्यांचे आहे.

तेव्हा या रौप्यमहोत्सवी वर्षात आम्ही न्यासापुढे तीन विनंत्या ठेवतो.

पहिली, न्यासाच्या प्रत्येक आरोग्य शिबिरात सुन्न चट्टा तपासण्याची सोय असावी, आणि ती कातडीच्या इतर आजारांबरोबर एकाच रांगेत असावी. वेगळी रांग केली की तिच्यात कोणी उभे राहणार नाही.

दुसरी, तंतूला इजा झालेल्या रुग्णाची मदत एकरकमी देऊन अर्ज बंद करू नये. तीच रक्कम दीड वर्षात हप्त्याहप्त्याने, प्रत्येक खेपेच्या भाड्यासाठी व बुडालेल्या मजुरीसाठी द्यावी. शस्त्रक्रियेचा खर्च पुष्कळदा सरकारी रुग्णालयात भागतो. रुग्णाची कंबर मोडते ती नंतरच्या खेपांनी. दिवसाला एक मिलिमीटर चालणाऱ्या धाग्याला मदत करायची तर मदतीनेही तितके दिवस चालले पाहिजे.

तिसरी, ज्यांची बोटे परत येणार नाहीत त्यांना लाकडी मुठीची भांडी, मऊ तळाच्या चपला आणि बसून करता येण्याजोगे काम मिळवून द्यावे. दया दाखवून त्यांना कोपऱ्यात बसवू नये. आनंदवनातल्या माणसांनी त्याच हातांनी शेती केली, घरे बांधली.

घरच्या मंडळींनी दोन गोष्टी कराव्यात. सुन्न झालेल्या बोटांचे सांधे रोज हाताने हलवावेत, म्हणजे धागा पोचेल तेव्हा सांधा आखडलेला नसेल. आणि महिना-दोन महिन्यांत फरक दिसला नाही म्हणून “नस मेली” असे रुग्णासमोर बोलू नये. धागा चालत असताना बाहेरून काहीही दिसत नाही. त्या काळात घरच्यांचा धीर सुटला तर चांगले जोडलेले कलमही पाण्याविना वाळते.

उद्या अर्ज वाचताना ते जुने वाक्य पुन्हा समोर आले, तर आपण निदान तीन प्रश्न विचारू : केव्हापासून, कोणत्या जागी, आणि डॉक्टरांना दाखवले काय? उत्तर सहा महिन्यांच्या आतले असेल तर त्याच दिवशी त्या माणसाला नागपूरच्या गाडीत बसवू. सभा पुढच्या महिन्यात आहे म्हणून त्याला थांबवू नये, एवढा अधिकार चिटणिसांना आजच द्यावा, अशी अध्यक्ष महोदयांना विनंती आहे.